मस्टरवर नाव नाही, म्हणून पोटही नाही काय?

कामगार बंधूंनो, बदलीवाला म्हणजे काय, हे गिरणगावात वाढलेल्याला शिकवावे लागत नाही. पाळीच्या आधी डबा घेऊन दारात उभे राहायचे. कुणाचा खाडा पडला तर आत. नाही पडला, तर भरला डबा घेऊन परत खोलीवर! त्या दिवसाचा दाम शून्य.

१९५३ साली औद्योगिक कलह कायदा दुरुस्त झाला. कापूस नाही, वीज नाही म्हणून मालकाने 'ले-ऑफ' दिला, तर मूळ पगार आणि महागाईभत्ता मिळून निम्मी रक्कम कामगाराला द्यावी, असे ठरले. चांगले झाले. पण त्याच कायद्याने बदलीवाल्याला दाराबाहेर ठेवले! सलग वर्षाची नोकरी दाखव, २४० दिवस भर, मग ये. आणि २४० दिवस भरू द्यायचे की नाही, हे कुणाच्या हातात? ज्याला निम्मा पगार द्यावा लागेल, त्याच्याच! नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी संहिता लागू झाली, तीतही बदलीवाल्याचा उंबरठा हाच.

ज्याची नोकरीच गेली, त्याचे काय? ईएसआयने २०१८ साली भत्ता काढला तो पाव पगाराचा, नव्वद दिवसांचा, आणि तोही आयुष्यातून एकदाच. जणू माणूस जन्मात एकदाच बेकार होतो! २०२० साली, टाळेबंदीत सगळा देश घरी बसला तेव्हा, पावाचा निम्मा झाला. पण ईएसआयचे कार्डच नाही, त्याला पाव काय नि निम्मा काय? दहा माणसे भरली की कारखान्याला विमा लागू होतो. म्हणून भिवंडीत एकाच छपराखाली वेगवेगळ्या नावांचे कारखाने दिसतात. साचे तेच, शेठही तोच, फक्त पाट्या निराळ्या.

यावर तिजोरीत पैसा नाही, असे आम्हांला सांगू नका. १९७५ पासून शहरातल्या पगारदाराच्या पाकिटातून व्यवसायकर कापला गेला तो रोजगार हमीसाठी. त्याचे आम्हांला दुःख नाही. त्या कामावर खडी फोडणारे आमचेच आईबाप होते. पण १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तेव्हा त्याच कर भरणाऱ्याला मुंबईत कसली हमी मिळाली? ती योजना खेड्यापुरती. गावी जा, म्हणे! गावी जमीन असती तर तो गिरणीत कशाला आला असता?

वाट आपल्याच राज्यात आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाचे नाव मंडळाकडे नोंदले. मालक बदलला तरी नोंद पुसत नाही, आणि मजुरीबरोबर मालकाची लेव्ही मंडळात जमा होते. बदलीवाला, कंत्राटी, यंत्रमागवाला, या सर्वांची नावे अशाच मंडळात घ्या. लेव्ही साच्यांवर लावा, म्हणजे पाट्या बदलून कुणी सुटणार नाही. बेकाराला निम्मा पगार वर्षभर द्या, आणि जितक्या वेळा काम जाईल तितक्या वेळा द्या.

आणि २४० दिवस मोजायचेच असतील, तर ज्या ज्या दारात तो राबला त्या सगळ्या दारांचे मिळून मोजा!