शाळेची घंटा आणि कामाची हाजरी

हदगाव तालुक्यातल्या गावांत सकाळी दहाच्या सुमाराला दोन गोष्टी जवळजवळ एकदमच सुरू होतात. जिल्हा परिषदेच्या शाळेची घंटा होते आणि खुरपणीला, वेचणीला जाणाऱ्या बायका शिवाराची वाट धरतात. संध्याकाळी मात्र हा मेळ राहत नाही. शाळा सुटते तेव्हा शेतातलं काम चालूच असतं. शनिवारी शाळा सकाळची, उन्हाळ्याच्या तोंडाला पुन्हा सकाळची. मजुरीला मात्र शनिवार वेगळा नसतो. तालुक्याच्या गावी कापडाच्या दुकानात, दवाखान्यात किंवा खासगी शाळेत काम करणारीचंही तेच. लेकराला सोडायची वेळ आणि कामावर पोचायची वेळ एकमेकींवर येतात, आणायची वेळ तर भर कामात येते. या दोन घड्याळांमधलं अंतर बहुतेक घरांत एकटी आई भरून काढते आणि त्याची किंमत आपल्या कमाईतून मोजते. ती अर्धवेळ काम धरते तेव्हा ‘तिला तेच सोयीचं पडतं’ असं आपण म्हणून मोकळे होतो. मला हे मान्य नाही. ही सोय नव्हे, वेळापत्रकांनी तिच्यावर आणलेली सक्ती आहे. आणि वेळापत्रकं माणसांनीच ठरवलेली असल्यामुळे ती बदलताही येतात.

शाळेच्या वेळेशी जुळणारी कोणती कामं गावात बाईला मिळतात, ते आधी पाहू. शाळेत पोषण आहार शिजवणं, अंगणवाडी सांभाळणं, आशा म्हणून गावाचं आरोग्य पाहणं. तिन्ही कामं सरकारी योजनांची, तिन्ही गावातच, आणि तिन्हींतल्या बायकांना सरकार कर्मचारी म्हणत नाही. त्यांना मिळतं ते वेतन नव्हे, मानधन किंवा कामागणिक मोबदला. पोषण आहार शिजवणारीचा दिवस शाळेच्या दिवसाशी सर्वांत नीट जुळतो, आणि तिचं मानधन राज्याने १,५०० वरून वाढवलं तेव्हा ते महिन्याला २,५०० रुपये झालं. अंगणवाडीची योजना १९७५ सालापासून चालू आहे. तरी तिथल्या सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे ठरायला २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. त्यानंतरही मानधनवाढीसाठी डिसेंबर २०२३ पासून राज्यभरातल्या सेविकांना दीर्घ संप करावा लागला. मुलांच्या वेळेशी जुळणारं काम गावात सर्वांत स्वस्त ठरतं, असाच याचा अर्थ. त्या कामाची गावाला गरज कमी आहे म्हणून ते स्वस्त नाही. ते करणारीपुढे दुसरी वाट नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे म्हणून ते स्वस्त आहे.

आईपुढेच वाट का नसते, याचं उत्तर घरातल्या वेळेच्या वाटणीत आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरातली बिनमोबदल्याची कामं करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, अशी कामं करणाऱ्या पुरुषांची ८८. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं कमी झाली आणि पुरुषाचीही नऊ कमी झाली, म्हणजे वाटणी जिथल्या तिथेच राहिली. आपले शासकीय नियमही तीच वाटणी गृहीत धरतात. राज्य सरकारने २०१८ साली आपल्या कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली, हे चांगलंच झालं. पण ती महिला कर्मचाऱ्यांसाठी आहे. पुरुषाला मिळते ती पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली असेल तर. धडधाकट बायको घरात असताना मूल सांभाळणं हे बापाचं काम नाही, असंच हा नियम न बोलता सांगतो. नोकरदाराच्या घराची ही कथा, तर रोजंदारीवर जगणाऱ्या घराची काय असेल?

रोजंदारीत एक बारकावा आहे आणि माझा मुख्य मुद्दा त्यावरच उभा आहे. कापूस वेचणीचा दर किलोवर ठरतो. एखादी बाई उशिरा आली किंवा लवकर निघाली, तरी वेचला तेवढ्या कापसाचे पैसे तिला मिळतात आणि तिच्या तासाची किंमत शेजारणीच्या तासाइतकीच राहते. खुरपणी, निंदणीचं काम रोजाने असतं. तिथे वेळेवर हाजरी लागली नाही तर बहुधा अर्धा रोज, नाही तर तेही नाही. एकच बाई, एकच शिवार. पण मोजमापाची पद्धत बदलली की आईपणाचा दंड लागतो किंवा टळतो. रोजगार हमीने हे फार आधी ओळखलं होतं. १९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्राने उभी केलेली ही योजना कामाच्या मोजमापावर पैसे देत आली. पुढे केंद्राच्या कायद्याने, कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं असतील तर ती सांभाळायला एक बाई मजुरीवर नेमायची तरतूदही केली. आणि मग १ जानेवारी २०२३ पासून मोबाइलवरच्या ॲपने दिवसातून दोनदा फोटो काढून हाजरी घेणं सक्तीचं झालं. खोटी हाजरी रोखण्याचा हेतू रास्तच होता. पण ज्या कामाचे पैसे खोदलेल्या मातीच्या मापावर ठरतात, तिथे ठरल्या वेळी फोटोत उभं राहण्याची अट घातली की आपल्या वाट्याचं काम उरकून लेकराला आणायला गेलेली बाई गैरहजर ठरू शकते.

शाळेच्या बाजूनेही असंच घडतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं परिपत्रक काढलं. मुलांची झोप पुरी व्हावी, हे कारण योग्यच आहे. त्यावरच्या चर्चेत दोन सत्रांत चालणाऱ्या शाळांची अडचण आली, स्कूलबसची आली. आईच्या कामाची वेळ मात्र कुणाच्या हिशेबात फारशी नव्हती. सप्टेंबर २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार शिक्षण विभागाने पुढे आणला, तेव्हाही सुविधा आणि खर्चावर बरंच बोललं गेलं. शिक्षण हक्क कायद्याखाली पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी. ती लांब गेली की सहा-सात वर्षांच्या मुलाला रोज न्यायचं-आणायचं कुणी, याचा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. तो आईच्या बुडालेल्या रोजात लपून राहतो. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्याचा मोठा आधार झाला. पण अर्ध्या तिकिटाचा उपयोग गाडी शाळेच्या आणि कामाच्या वेळेला असेल तेव्हाच.

यावर पहिला आक्षेप असा येईल की खेड्यातली लेकरं आपापली शाळेत जातात, ने-आण हे शहरी खूळ आहे. बरीच जातात, हे खरं. पण धाकट्याला बोट धरून नेणारी बहुधा थोरली बहीण असते आणि घरी कुणी नसलं की शाळा तिचीच बुडते. शिवाय नांदेड-नागपूर महामार्गासारख्या रुंद, भरधाव रस्त्याच्या कडेच्या गावांत पहिलीचं पोर एकटं सोडायला कोण धजावेल? दुसरा आक्षेप आजी-आजोबांचा. पण कोरडवाहू घरातली आजीही हात चालतात तोवर रोजाने जाते. तिसरा आक्षेप शेतकऱ्याचा आहे आणि तो वजनदार आहे: सोयाबीन काढणीला आलं आणि आभाळ भरून आलं, तर पीक बाईच्या सोयीसाठी थांबणार नाही. बरोबर आहे. म्हणूनच अशा कामाला रोजाऐवजी एकराचं गुत्तं ठरतं आणि टोळी आपली वेळ आपण वाटून घेते. वर्षातले ते थोडे दिवस सोडले तर खुरपणीचा दर तासावर ठरवण्याने शेतकऱ्याचं काही बुडत नाही. किमान वेतनाच्या १९४८ च्या कायद्यातच तासावर दर ठरवण्याची मुभा होती. आपण ती शेतापर्यंत कधी नेली नाही.

अर्धवेळेला मान देऊ लागलो तर बायका कायमच्या अर्धवेळेत अडकतील, ही भीती मला सर्वांत गंभीर वाटते, कारण तिला पुरावा आहे. जर्मनीत शाळा पिढ्यान्‌पिढ्या दुपारीच सुटत, म्हणून तिथल्या असंख्य आया अर्धवेळ कामात आणि तुटपुंज्या पगारात राहिल्या. अर्थशास्त्राचं २०२३ चं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांचं काम याचं कारण दाखवतं: जिथे सलग आणि अवेळीच्या तासांना जादा भाव मिळतो, तिथे ठरावीक वेळेत काम करणारीची तासाची किंमतच घटते. जर्मनीने यावर दोन्ही टोकांनी काम केलं. कायद्याने अर्धवेळ कामगाराला तासांच्या प्रमाणात समान हक्क दिले आणि ऑगस्ट २०२६ पासून पहिलीच्या मुलांना दिवसभराच्या देखभालीचा हक्क ठरवला. पुढे तो चौथीपर्यंत जाणार आहे. नुसतं अर्धवेळ काम हा सापळा ठरतो. तासाला समान दाम आणि मुलाला सुरक्षित जागा, ही दोन्ही मिळाली तरच तिला खरी निवड मिळते.

यासाठी हदगावात नव्या कायद्याची वाट पाहायला नको. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, हे शिक्षण हक्क कायद्यातच लिहिलेलं आहे. पाचवीपर्यंत तोच कायदा वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन मागतो, म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. ते दिवसात कसे बसवायचे, याला बरीच जागा उरते. या समित्यांनी महिला ग्रामसभेत शाळेची, शनिवारची आणि उन्हाळ्याची वेळ मजुरीच्या वेळेसमोर ठेवून चर्चेला घ्यावी आणि ठराव शिक्षण विभागाकडे पाठवावा. हदगाव आगाराने शाळा सुटण्याच्या वेळा समोर ठेवून फेऱ्या आखाव्यात. शाळा सुटल्यापासून आई घरी येईपर्यंतचे दीड-दोन तास मुलं शाळेच्याच आवारात राहावीत आणि त्यांच्यापाशी गावातलंच माणूस नेमावं. ते ओझं शिक्षकावर टाकू नये आणि अंगणवाडी सेविकेवर फुकट लादू नये. त्या तासांची मजुरी ग्रामपंचायतीने द्यावी. शेजारच्या कर्नाटकाने २०२३ पासून रोजगार हमीवरच्या बायकांच्या तान्ह्या मुलांसाठी ग्रामपंचायतींत पाळणाघरं उघडली आहेत. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी जे जमतं ते सात वर्षांच्या मुलासाठी का जमू नये? आणि दुकानदार, दवाखानेवाले, संस्थाचालक यांनी एक साधा नियम पाळावा: बाई दिवसाचे पाच तास काम करत असेल तर आठ तासांच्या पगाराचा पाच-अष्टमांश तिला द्यावा, त्याच प्रमाणात रजाही द्यावी. लेकराला शाळेत पोचवणं हे गावाच्या उद्याचं काम आहे. ते करणारीचा रोज त्यापायी कापला जाता कामा नये.