सर, सही नको, पत्र हवं

दिवाळी आली की वडवणी, धारूर, पाटोद्याकडची बिऱ्हाडं ट्रॅक्टरवर चढतात आणि पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात उसाच्या फडावर उतरतात. अशा घरातली मुलगी परदेशी विद्यापीठाचा अर्ज भरते, तेव्हा तिला ओळखणाऱ्यांची शिफारसपत्रं लागतात. ती सरांकडे जाते. सर घाईत असतात, म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ मग ती बिचारी ‘होतकरू असून वर्तणूक चांगली आहे’ एवढंच लिहिते, कारण स्वतःचं कौतुक तिच्या हातून उतरत नाही. हे मला फार लागतं. १९१६ साली कोलंबियाच्या प्रा. सेलिग्मन यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या प्रा. फॉक्सवेल यांना आपल्या विद्यार्थ्यासाठी, भीमराव आंबेडकरांसाठी, पत्र लिहिलं होतं; शिक्षकाच्या शब्दाला तेव्हा वजन होतं, आजही आहे. तेव्हा सर, पाहिलेलं लिहा: आईबाप फडावर असताना धाकट्या भावाला सांभाळून ही पोरगी प्रॅक्टिकलला हजर असायची, तास संपला की शंका घेऊन दाराशी थांबायची. आणि पोरांनो, मुदतीच्या आदल्या रात्री ‘सर लेटर पाहिजे’ असा मेसेज टाकू नका. महिनाभर आधी भेटा, गुणपत्रक द्या, हाच कोर्स का हवा ते सांगा, आणि पत्र पाठवण्यासाठी सरांना विद्यापीठाची लिंक येईल तेव्हा सरांच्या शेजारी बसून ती उघडून द्या.