घाण की खत?

बंगळूरच्या बेळ्ळंदूर तलावाला २०१५ आणि २०१७ साली चक्क आग लागली! शहराचे सांडपाणी वर्षानुवर्षे त्यात येत राहिले. त्यातल्या नत्र-स्फुरदावर जलपर्णी माजली, विषारी फेस रस्त्यावर आला. हेच नत्र-स्फुरद शेतकरी मात्र पैसे मोजून पोत्यांनी विकत आणतो.

गोठा धुतलेले पाणी पातळ करून उथळ खड्ड्यात साठवले, तर त्यावर ‘डकवीड’ ही तिळाएवढ्या पानांची तरंगती वनस्पती वाढवता येते. उबदार हवेत ती दोन-तीन दिवसांत दुप्पट होते आणि पाण्यातले नत्र-स्फुरद शोषून घेते. चाळणीने काढून शेणाबरोबर कुजवली, की खत तयार.

मात्र कारखान्यांचे पाणी मिसळलेल्या तलावातली वनस्पती शेतात टाकू नये. ती जड धातूही शोषून घेते. घाण गोठ्यापाशीच अडवली, तरच तिचे खत होते.