हिशेब कोण विचारणार?

2025 सालच्या पाडव्याची गोष्ट. त्या वर्षी गुढीपाडवा 30 मार्चला, नेमका रविवारी आला होता. मंडळात श्रीखंड-पुरीची पंगत झाली (पंगत म्हणजे आपली फोल्डिंग टेबलं आणि कागदी ताटं!) आणि आमच्या आठ जणांच्या टेबलावर गप्पा रंगल्या. विषय अर्थातच मायदेशचा भ्रष्टाचार. मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत मार्च 2022 मध्येच संपली, तीन वर्षं झाली तरी निवडणुकीचा पत्ता नाही. प्रशासक हजारो कोटींचा कारभार हाकतोय आणि त्याला सभागृहात जाब विचारायला एकही नगरसेवक नाही. ही काय लोकशाही झाली? सगळे तावातावाने बोलत होते, त्यांत मीही होतो. मग मला काय बुद्धी झाली कोण जाणे, मी विचारलं, "परवा मंगळवारी आपल्या गावची निवडणूक आहे. कोण कोण उभं आहे?"

टेबलावर एकदम सामसूम. एकाला कोपऱ्यावरच्या लॉनमधली निळी पाटी आठवली, नाव आठवेना. एक वहिनी म्हणाल्या, "परवा? निवडणूक नोव्हेंबरात झाली ना?"

आम्हा आठांपैकी सहा जण अमेरिकन नागरिक. सगळ्यांची घरं याच गावात, पंधरा-पंधरा वर्षांची. मुंबईत निवडणूक होत नाही म्हणून हळहळणाऱ्या आम्हाला आपल्या दारातली निवडणूक ठाऊकच नव्हती. मुंबईकरांनी तरी जानेवारी 2026 मध्ये, संधी मिळताच, मतदान केलं. आम्हाला संधी दर विषम वर्षी एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी मिळते. इलिनॉयमधल्या गावोगावच्या निवडणुका तेव्हाच असतात, पण त्या दिवशी मतदान केंद्रावर रांग म्हणून लागत नाही.

"अहो, इथे सगळं सिस्टिमने चालतं, इथे कोण खातंय?" हे वाक्य मी गेली वीस वर्षं ऐकतोय. तर मित्रहो, आपल्या उपनगरांतून आय-88 ने पश्चिमेला तास-दीड तास गाडी हाका. डिक्सन नावाचं गाव लागेल. रोनाल्ड रेगन यांचं बालपण तिथे गेलं. वस्ती जेमतेम 16,000. या गावची कंट्रोलर रीटा क्रंडवेल हिने 1990 ते 2012 या काळात नगरपालिकेचे 5 कोटी 37 लाख डॉलर लंपास केले. म्हणजे गावातल्या तान्ह्या बाळासकट माणशी तीन हजारांहून जास्त! पगार वर्षाला साधारण 80,000, आणि दारात शेकडो उमदे घोडे. घोड्यांच्या प्रदर्शनांत ती देशभर बक्षिसं मिळवत होती. तिकडे गावात पैसा नाही म्हणून खर्चाला कात्री लागत होती, आणि राज्य सरकारकडून पैसे उशिरा येतात असं बाई सांगत होत्या. युक्तीसुद्धा फार अवघड नव्हती. शहराच्या नावासारखं वाटेल असं एक खातं तिने बँकेत उघडलं होतं आणि राज्य सरकारच्या नावाची खोटी बिलं तयार करून पैसे तिकडे वळवले जात होते.

मला खरा धक्का बसला तो पुढच्या गोष्टीने. डिक्सनमध्ये ऑडिट दरवर्षी होत होतं. मेयर होता, चार कमिशनर होते, त्यांतल्या एकाकडे तर अर्थखातंच होतं. सभा उघड्या होत्या, कागद मागायचा कायदा होता. सिस्टिम सगळी होती! स्वतःचा पैसा असावा तसा ही बाई शहराचा एकेक डॉलर जपते, असं कौतुकही एका कमिशनरने केलं होतं. (जपत होती हे खरंच, पण कुठे ते त्याला ठाऊक नव्हतं.) शेवटी 2011 मध्ये ती लांब रजेवर गेली असताना शहराच्या क्लार्कबाईंनी बँकेतून खात्यांचे तपशील मागवले, एक अनोळखी खातं दिसलं, आणि त्यांनी ते मेयरना दाखवलं. बावीस वर्षांची चोरी एका बाईने एक कागद नीट वाचला म्हणून सापडली. पुढे 19 वर्षं 7 महिन्यांची शिक्षा झाली, घोडे लिलावात निघाले, ऑडिटर आणि बँकेकडून भरपाई मिळाली. सगळं वरातीमागून.

दुसरं गाव कॅलिफोर्नियातलं, लॉस एंजेलिसजवळचं बेल. तिथे तर चोरी कायद्याचा अंगरखा घालून आली. 2005 मध्ये शहराने स्वतःची सनद घ्यावी का यावर एक खास मतदान झालं. पस्तीस हजारांवर वस्तीच्या गावात मतं पडली चारशेहूनही कमी. त्या सनदेमुळे कौन्सिलच्या पगारांवरची राज्याची मर्यादा उठली. 2010 मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने भांडं फोडलं तेव्हा सिटी मॅनेजर रॉबर्ट रिझो यांचा पगार वर्षाला जवळजवळ आठ लाख डॉलर होता, राष्ट्राध्यक्षांच्या पगाराच्या दुप्पट! कौन्सिलची पार्टटाइम मंडळी लाखाच्या घरात घेत होती. हे गाव आपल्यासारख्याच परदेशातून आलेल्यांचं, कष्टकऱ्यांचं. दोन-दोन नोकऱ्या करणाऱ्यांना सभेला जायला वेळ नव्हता. त्यांना मी बोल लावणार नाही. पण आपली सबब काय? आपल्याला दर शनिवारी क्रिकेटला वेळ असतो, भारतातल्या राजकारणावर मध्यरात्रीपर्यंत वाद घालायला वेळ असतो.

आता निवडणुकीच्या दिवसांत प्रत्येक पत्रकावर 'ट्रान्स्परन्सी' हा शब्द ठळक छापलेला असतो. छापायला पैसे पडत नाहीत. उमेदवार दाराशी आला की आपण घाईघाईने "येस, येस, थँक्यू" म्हणून दार लावून घेतो. त्याला तिथेच थांबवून विचारा: गेल्या वर्षी टेंडर न काढता किती कंत्राटं दिली गेली? पेन्शनची देणी किती थकली आहेत? डेव्हलपरला करात सूट दिली, त्याचा ठराव कोणत्या सभेत झाला आणि विरोधात कोण होतं? त्याला उत्तर येत नसलं तरी हरकत नाही, पण पुन्हा येताना तो वाचून येईल.

"आम्ही ग्रीन कार्डच्या रांगेत, आम्हाला मत कुठलं?" असं तरुण मंडळी म्हणतात. बरोबर आहे, नागरिक नसताना चुकूनही मत देऊ नका, तो गंभीर गुन्हा आहे. पण इलिनॉयच्या कायद्याने नगरपालिकेकडे कागद कोणीही मागू शकतो, नागरिकत्व लागत नाही. साधारणपणे पाच कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं आणि पहिली 50 काळी-पांढरी पानं फुकट मिळतात. सभेत उभं राहून बोलायचा हक्कही सर्वांना आहे. प्रॉपर्टी टॅक्स भरताना कोणी तुमचा व्हिसा विचारतो का?

आपल्याकडे ही परंपरा नाही असंही नाही. जोतीराव फुले 1876 ते 1882 पुणे नगरपालिकेचे सभासद होते, तेही सरकारने नेमलेले. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावर हजार रुपये खर्चायचं ठरत होतं तेव्हा, हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला द्या, असं त्यांनी सांगितलं. नव्या मंडईवरच्या मोठ्या खर्चालाही त्यांनी विरोध केला. आज ती मंडई त्यांच्याच नावाने ओळखली जाते! आणि आपण? मंडळाच्या वार्षिक सभेत खजिनदार हिशेब वाचायला लागले की निम्मी मंडळी बटाटेवड्यांच्या वासाकडे वळतात. "मंजूर, मंजूर!" प्रश्न विचारला तर खजिनदारांना वाईट वाटेल म्हणे. मी स्वतः दोन वर्षं खजिनदार होतो. कोणी विचारलं असतं तर बरंच वाटलं असतं.

त्या पाडव्यानंतर मी आमच्या गावच्या बजेटच्या सभेला पहिल्यांदा गेलो. प्रेक्षकांत आम्ही तिघे, त्यातले एक आजोबा शेजाऱ्याच्या झाडाची तक्रार घेऊन आलेले. माझी तीन मिनिटं आली तेव्हा पाय लटपटत होते. एका सल्लागार कंपनीच्या कंत्राटाबद्दल विचारलं. आठवड्याभरात चार पानांचं उत्तर आलं, व्यवस्थित, आकड्यांसकट. काही काळंबेरं नव्हतं. दुसऱ्या वर्षी त्याच कंत्राटासाठी मात्र तीन कंपन्यांकडून दर मागवले गेले.

आमची सभा महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या मंगळवारी संध्याकाळी सात वाजता असते. मी साडेसहाला घरून निघतो. गाडीत चार जागा रिकाम्या असतात.