वेरूळचे पाहुणे आमच्या गावी थांबावेत

आमचे गाव देवगाव रंगारी. ते कन्नड तालुक्यात आहे. वेरूळची लेणी आमच्यापासून जवळच आहेत. तिथे 34 लेणी आहेत. कैलास लेणे तर एकाच खडकातून वरून खाली कोरीत आणले आहे! 1983 साली वेरूळला जागतिक वारशाचा मान मिळाला. देशोदेशीचे लोक बघायला येतात. पण गाडीत बसून येतात अन् गाडीत बसून जातात. आमच्या गावी कोणी उतरत नाही.

आजोबा म्हणतात, "इथं काय हाय बघायला?" मला हे पटत नाही. थंडीत शेतात ज्वारीचा हुरडा भाजतात. गरम गरम हुरडा, तिळाची चटणी, गूळ अन् दही. शहरातल्या माणसांना याचे लई कौतुक असते. मंगळवारी लेणी बंद असतात, त्या दिवशी तरी त्यांनी यावे. रंगारी म्हणजे कापड रंगवणारा. मग गावाला हे नाव का, असे पाहुणे विचारतीलच. म्हाताऱ्या माणसांनी आधी आम्हा मुलांना सांगावे, म्हणजे आम्ही पुढे सांगू.

हुरड्याच्या दिवसांतच आमच्या वर्गातली काही मुले आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. त्यांच्या जागा रिकाम्या राहतात. पाहुण्यांना भाकरी करून घालण्याचे पैसे मिळाले तर त्यांची आई गावातच राहील, अन् ती मुले शाळेत येतील. मात्र आधी रस्त्याकडेला स्वच्छ संडास पाहिजे. पाहुण्यांनीही शेतात बाटल्या फेकू नयेत.

गुरुजींनी हे ग्रामसभेत सांगावे. हुरडा चोळायला मी येईन, पण शाळा सुटल्यावर.

– एक विद्यार्थी, इयत्ता 4 थी