पैनगंगेचे डोह वाचवायचे तर आत्ताच

पैनगंगाकाठच्या गावकऱ्यांनो, भोई आणि कोळी बांधवांनो, गोंड, कोलाम, आंध वस्त्यांवरच्या आयाबहिणींनो, आणि नांदेड-लातूरच्या बाजारात मासळी घेणाऱ्या मंडळींनो,

पाऊस उघडला आहे. हदगावपासून माहूरपर्यंत नदीचे पाणी निवळू लागले आहे. सहस्रकुंडाची धार आता दिवसागणिक बारीक होईल आणि खडकांमधले डोह एकमेकांपासून सुटे होतील. कोजागिरी ते देवदिवाळी हे मासेमारीचे खरे दिवस. पाणी नितळ, मासा पावसाळाभर खाऊन भरलेला, आणि शेतावर सोयाबीनची काढणी उरकत आलेली. या दिवसांत गळ आणि फेकजाळे घेऊन नदीवर जाणाऱ्याला कोणी अडवू नये, आम्हीही अडवत नाही. आमचे म्हणणे दुसऱ्याच गोष्टीबद्दल आहे. ते आत्ताच मांडावे लागते, कारण महिनाभराने उशीर झालेला असेल.

किनवट-माहूरचे जंगल दरवर्षी जळते. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले गळू लागली की झाडाखालचा पालापाचोळा पेटवला जातो, म्हणजे काळ्या जमिनीवर पिवळे फूल चटकन दिसते. तेंदूला कोवळी पालवी यावी म्हणून झुडपे जाळली जातात. कोणी गुरांना नवे गवत यावे म्हणून काडी टाकतो, कोणाच्या विडीचे थोटूक पुरते. वनखाते 15 फेब्रुवारी ते 15 जून हा आगीचा हंगाम धरते. पण त्या आगीचे सरपण आज तुमच्या-आमच्या डोळ्यांसमोर उभे आहे. यंदाच्या पावसाने वाढलेले कमरेएवढे गवत मार्गशीर्षात वाळून कोरडे होईल.

नदीतल्या माशाचा या आगीशी काय संबंध, असे विचारणारे भेटतात. संबंध सरळ आहे. पाचोळा जळाला की उतारावरची माती उघडी पडते. मृगाचा पहिला सडाका आला की राख, कोळसा आणि माती नाल्यानाल्यांतून नदीत उतरते. पाण्यातला प्राणवायू घटतो, माशाचे कल्ले गाळाने भरतात. ज्या उथळ, स्वच्छ वाळू-गोट्यांवर मासा अंडी घालतो त्यांवर लेप बसतो. काठाची झाडे करपली की सावली जाते आणि उन्हाळ्यात आधीच तापलेले पाणी आणखी तापते. सर्वांत वाईट होते ते डोहाचे. दरसाल थोडा थोडा गाळ बसून त्याची खोली जाते. पैनगंगा उन्हाळ्यात तुटते, तेव्हा पुढच्या पावसाळ्याचे बियाणे जगते ते याच डोहांत. डोह उथळ झाला की वैशाखात तो आटतो, आणि मग आषाढात पुराबरोबर चढायला मासाच उरत नाही. म्हणून आश्विनात तुमच्या जाळ्यात काय येणार हे बरेचसे आधीच्या फाल्गुनात ठरलेले असते.

अतिशयोक्ती करायची नाही. आपला वणवा जमिनीलगत सरपटणारा असतो, मोठी झाडे बहुधा उभी राहतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या उत्तरेला 2022 च्या उन्हाळ्यात मॅकिनी नावाची आग लागली, तशी शेंड्यांवरून धावणारी आग आपल्याकडे लागत नाही. त्या आगीनंतर मुसळधार पाऊस झाला, डोंगरउतारावरचा राखमिश्रित चिखल क्लॅमथ नदीत उतरला, पाण्यातला प्राणवायू जवळपास संपला आणि हजारो मासे मेले. त्या काठावर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या कारुक या आदिवासी समाजानेच ते मेलेले मासे पाहून जगाला सांगितले. आपल्याकडे असे एका रात्रीत होत नाही, वर्षावर्षाने होते. म्हणूनच त्याची बातमी होत नाही, आणि त्यामुळेच ते मला जास्त धोक्याचे वाटते.

आता दुसरे दुखणे, जे थेट याच महिन्यातले आहे. डोह सुटे झाले की काही जण जिलेटीनच्या कांड्या घेऊन येतात. कोणी ब्लीचिंग पावडर ओततो, कोणी कापसावर मारायचे औषध, कोणी बॅटरी-इन्व्हर्टर लावून पाण्यात शॉक सोडतो. पूर्वी गेळाची फळे कुटून माशांना गुंगी आणत, तेव्हा निदान एका लहानशा डबक्यापुरते ते चाले. आताचे विष अख्खा डोह मारते. स्फोटाने माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुटते. वर तरंगतात ते थोडे, बाकीचे तळाला जाऊन कुजतात. बोटभर पिल्लू, अंड्यांवरची मादी, झिंगे, किडे, सगळे संपते. त्याच डोहावर संध्याकाळी गुरे पाण्याला येतात, हे विष ओतणाऱ्याला माहीत नसते असे नाही.

आगीने बियाण्याची जागा जाते, विषाने बियाणेच जाते. एकाच डोहावर दोन्ही घाव बसले तर त्याने कुठून उभे राहावे?

1927 च्या भारतीय वन कायद्याचे 26 वे कलम कोणीतरी ग्रामपंचायतीत मोठ्याने वाचून दाखवा. राखीव जंगलात आग लावणे आणि पाण्यात विष कालवणे, हे दोन्ही गुन्हे त्या एकाच कलमात आहेत. त्यातच पुढे असेही आहे की आग मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने लागली तर सरकार त्या जंगलातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क काही काळ थांबवू शकते. म्हणजे काडी एकाने ओढायची आणि गुरे सगळ्या गावाची उपाशी राहायची. पैनगंगा अभयारण्याच्या हद्दीत तर नियम आणखी कडक आहेत. वन्यजीव कायदा 1972 चा. त्याच्या 30 व्या कलमाने आगीला आणि 32 व्या कलमाने रसायने व स्फोटकांना तिथे मनाई आहे. परवानगीशिवाय आत शिरणेसुद्धा गुन्हा आहे, तेव्हा तिकडच्या डोहांचा मोह धरू नका.

पण नुसता धाक दाखवून डोह वाचत नाहीत, हे आम्हालाही कळते. वनरक्षकाकडे मैलोगणती जंगल असते, त्याने कुठे कुठे पळावे? नदीवर पहाटे असतो तो मासेमार. धूर आधी त्याला दिसतो, स्फोटाचा आवाज आधी त्याला येतो. म्हणून ही विनंती आधी त्यालाच. धूर दिसला की वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करा, पोलीस पाटलांना कळवा. डोहावर पांढरे पोट वर केलेले मासे दिसले तर ते गोळा करू नका, खाऊ नका, गुरांना त्या पाण्यावर जाऊ देऊ नका. आणि एक आपल्याच घरातले: काठावर मासा भाजायला पेटवलेली चूल पाणी ओतून विझवा, राख हाताने चाचपून थंड लागल्याशिवाय उठू नका. वाळूवर पेटवा, गवतात नको.

मोह वेचणाऱ्या बायांना पाचोळा जाळू नका एवढेच सांगून भागत नाही. पहाटे अंधारात पाचोळ्यातून फूल वेचायचे म्हणजे विंचू-सापाची भीती, कंबरेचा काटा ढिला. पाचोळा झाडून बाजूला लोटला तरी तेच काम होते. झाडाखाली जुनी लुगडी किंवा जाळी अंथरली तर फूल स्वच्छ मिळते, मातीचे लागत नाही. ग्रामपंचायतीने यंदा मोह वेचणाऱ्या प्रत्येक घराला जाळी द्यावी. त्याचा खर्च एका वणव्याच्या नुकसानीपुढे काहीच नाही.

2006 च्या वनहक्क कायद्याने गावाला पाणवठ्यांतल्या माशांवर सामूहिक हक्क सांगता येतो, आणि त्याच कायद्याने जंगल व पाणी सांभाळण्याची जबाबदारी आणि अधिकार ग्रामसभेला दिले आहेत. हक्काचे कागद करायला आपण तालुक्याला हेलपाटे घालतो. तेवढाच नेट जबाबदारीलाही लावू या. गावाच्या शिवारातला सर्वांत खोल एक डोह ठरवून तो मासेमारीला बंद ठेवा. मरळ आपल्या तांबड्या पिल्लांच्या घोळक्यावर राखण करत फिरत असते, तेव्हा तिला गळ लावू नये एवढा ठराव तरी व्हावा. आग अडवणाऱ्या जाळरेषा काढायला वनखाते येईल तेव्हा गावातले चार तरुण सोबत द्या.

लातूरकरांनो, तुमच्याकडे जंगल नावालाच आहे, म्हणून हे आवाहन तुमच्यासाठी नाही असे समजू नका. मांजरेच्या काठावर उसाचे पाचट आणि शेताचे धुरे पेटतात, त्यांत काठावरच्या बाभळीही होरपळतात. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलेल्या शहराला नदीचे मोल सांगावे लागू नये. पाचट जाळू नका, खोडव्यात तेच आच्छादन म्हणून पसरा.

राहिले गिऱ्हाईक. विषाचा मासा खपतो म्हणून विष पडते. जाळे आकार निवडते, विष निवडत नाही. टोपलीत हातभर माशापासून बोटभर पिल्लापर्यंत सगळा मेलेला ढीग एकत्र दिसला तर विचारा, कुठला, कसा धरला. मरळ पाण्याबाहेरही बराच वेळ जगते, ती जिवंत मागा. उत्तर पटले नाही तर पुढच्या टोपलीकडे जा.

ग्रामसभेची तारीख या पंधरवड्यातच ठरवा. विषयपत्रिकेत दोन ओळी घाला, एक डोहाची, एक आगीची. त्या सभेला मासेमार, मोह वेचणाऱ्या बाया आणि गुराखी यांना नाव घेऊन बोलवा. गवत वाळायच्या आत.