दोष देण्यापूर्वी दोष शोधा

एखादे काम बिघडले की त्याचे कारण शोधण्याआधी त्याचा अपराधी शोधावा, ही मनुष्यमात्राची फार जुनी खोड आहे. घरात पेला फुटला तर जवळ उभे असलेले मूल दोषी. वर्गात डस्टर हरवले तर मागच्या बाकावरचा मुलगा दोषी! शाळेच्या संगणकाच्या खोलीतही हल्ली हाच न्याय चालू झाला आहे. यंत्र अडले की त्याच्यापुढे शेवटी जो बसला होता त्याच्याकडे साऱ्यांच्या नजरा वळतात. हा न्याय नव्हे, आणि ही विद्याही नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते एका लहानशा उदाहरणाने विद्यार्थ्यांपुढे व पालकवर्गापुढे मांडावे, असा आमचा विचार आहे.

उन्हाळ्याची दीर्घ सुटी संपून जून महिन्यात शाळा उघडतात आणि कित्येक आठवडे बंद असलेले जुने संगणक पुन्हा सुरू केले जातात. नेमके हेच दिवस अर्जांच्या धांदलीचे असतात. अकरावीचे प्रवेश २०२५ सालापासून सबंध महाराष्ट्रात संकेतस्थळावरून होऊ लागले आहेत. शिष्यवृत्तीचे अर्जही तसेच भरावे लागतात. अशा ऐन वेळी एखाद्या जुन्या संगणकावर एक विचित्र प्रकार दृष्टीस पडतो. ब्राउझर उघडतो, इंटरनेटही चालू असते. परंतु कोणतेही महत्त्वाचे पान उघडावयास जावे, तो ‘आपली जोडणी सुरक्षित नाही’ अशा अर्थाची सूचना पडद्यावर उभी राहते. शेजारच्या यंत्रावर तेच पान बिनतक्रार उघडते. बरे, या यंत्रावर एकही पान उघडत नाही म्हणावे, तर एखाददुसरे जुनेपुराणे पान उघडते! त्यामुळे गूढ अधिकच वाढते.

मग तर्कांस ऊत येतो. एक म्हणतो, यंत्रात व्हायरस शिरला. दुसरा म्हणतो, मुलांनी खेळ घालून बिघडविले. तिसरा सरकारी संकेतस्थळास बोल लावतो. आणि चौथा, जो बहुधा सर्वांत घाईचा असतो, तो जुने यंत्र मोडीत काढून नवे घेण्याचा सल्ला देतो. अखेर कोणी तरी यंत्र ‘फॉरमॅट’ करून टाकतो. मुलांनी वर्षभर साठविलेले काम पुसले जाते, पदरचे पैसे जातात, आणि चार दिवसांनी तीच सूचना पुन्हा दत्त म्हणून समोर उभी राहते.

वास्तविक अशा प्रसंगी पडद्याच्या कोपऱ्याकडे एक दृष्टिक्षेप टाकला असता तरी पुष्कळ उलगडा झाला असता. तेथे आजची तारीख नसून कित्येक वर्षांपूर्वीची, बहुधा एखाद्या जानेवारीची पहिली तारीख दिसते. यंत्र आज चालू आहे, पण त्याच्या लेखी काळ मागे गेला आहे.

असे का होते, हे समजून घेणे कठीण नाही. संगणकाच्या मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराचा एक लहानसा सेल बसविलेला असतो. बहुतेक यंत्रांत तो सीआर २०३२ या जातीचा असतो. या आकड्यातच त्याचे माप आहे : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. त्याची शक्ती अवघी ३ व्होल्ट. यंत्र बंद असताना आतले घड्याळ चालते ठेवणे हे त्याचे काम. काही वर्षांनी तो संपतो. परंतु पिन भिंतीच्या सॉकेटात असून बटण चालू असेल, तोवर तेथून येणाऱ्या अल्पशा विजेवर घड्याळ चालत राहते, आणि सेल संपल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही. सुटीत पिना काढल्या जातात, तेव्हा घड्याळाचा आधार तुटतो. म्हणजे बिघाड झाला तो खोलीला कुलूप असताना, आणि दोष मात्र जूनमध्ये पहिल्या दिवशी यंत्रापुढे बसलेल्या मुलावर! यातील अन्याय वाचकांच्या ध्यानी आलाच असेल.

आता घड्याळाचा व ब्राउझरचा संबंध काय, हे पाहू. आज बहुतेक प्रत्येक संकेतस्थळ आपल्या खरेपणाचा एक दाखला ब्राउझरपुढे ठेवते, आणि त्या दाखल्यावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत लिहिलेली असते. ब्राउझर ती मुदत यंत्रातील तारखेशी ताडून पाहतो. यंत्राच्या मते जर २००९ साल चालू असेल, तर २०२६ साली दिलेला दाखला त्यास अजून जन्मालाही न आलेला वाटतो, आणि तो नाकारतो. ज्या जुन्या पानांस असा दाखला लागतच नाही, ती तेवढी उघडतात. तेव्हा ब्राउझर बिघडलेला नसून तो आपले काम चोख बजावीत आहे, असेच म्हणावे लागते. या दाखल्यांची मुदत २०२० सालापासून जास्तीत जास्त ३९८ दिवसांची होती. मार्च २०२६ पासून ती २०० दिवसांवर आणली आहे, व २०२९ सालापर्यंत ती ४७ दिवसांवर आणण्याचे ठरले आहे. म्हणून घड्याळ बरोबर असण्याचे महत्त्व पुढे वाढणारच आहे.

उपाय दोन पायऱ्यांचा. प्रथम दिवस, महिना, वर्ष व भारतीय वेळेचा विभाग नीट लावावा. नंतर, पिन काढून घेऊन, जाणत्या माणसाकडून सेल बदलून घ्यावा. जुना सेल लहान भावंडांच्या हाती लागणार नाही याची मात्र खबरदारी घ्यावी, कारण तो गिळला गेल्यास जिवावर बेतते. किंमत म्हणाल तर काही रुपये!

तथापि हीच सूचना दिसली म्हणजे कारण हेच, असे धरून चालणे हाही उतावळेपणाच होय. तारीख अगदी बरोबर असूनही असा प्रकार घडतो. ३० सप्टेंबर २०२१ रोजी, अगणित संकेतस्थळांचे दाखले ज्या एका मूळ दाखल्याच्या आधारे खरे मानले जात, त्याचीच मुदत संपली, आणि ज्या जुन्या यंत्रांस नवे मूळ दाखले मिळाले नव्हते, ती जगभर अडून बसली. फायरफॉक्स हा ब्राउझर अशा मूळ दाखल्यांची यादी स्वतःजवळ बाळगतो. म्हणून त्याच यंत्रावर एका ब्राउझरने न उघडलेले पान फायरफॉक्सने उघडले, तर दोष कोठे आहे याचा मार्ग सापडतो.

हा मार्ग शोधण्याची रीत आमच्या विद्यार्थ्यांनी अंगी बाणवावी, अशी आमची इच्छा आहे. पडद्यावरील सूचना अर्धवट न वाचता पुरती वाचावी व वहीत उतरून घ्यावी. एकच पान अडते की सर्वच अडतात, हे पाहावे. तेच पान दुसऱ्या यंत्रावर उघडावे, मग याच यंत्रावर दुसऱ्या ब्राउझरने उघडावे. तारीख पाहावी. आणि मुख्य नियम हा की, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र चालू झाले, तर कोणत्या उपायाने गुण आला हे कधीच कळत नाही, आणि पुढल्या वेळी आपण पुन्हा होतो तेथेच असतो.

ही रीत आपल्या तासगावकरांस परकी नाही. द्राक्षवेलीचे पान पिवळे पडले म्हणून येथला बागायतदार वेल उपटून टाकत नाही, की सापडेल ते औषध मारीत सुटत नाही. पाणी जास्त झाले का, जमिनीत चुनखडी आहे का, लोह कमी पडले का, हे तो पाहतो. माती, पाणी व पानाचे देठ तपासणीस पाठवितो, आणि मगच हात घालतो. बागेत जो विवेक आपण दाखवितो, तो संगणकापुढे बसताना गुंडाळून का ठेवावा?

पालकांस एका गोष्टीची विशेष विनंती आहे. अशा सूचनेखाली ‘तरीही पुढे जा’ असा एक मार्ग पुष्कळदा दिलेला असतो, आणि अर्जाची मुदत टळू नये म्हणून वडील माणसेच मुलांस तो दाबावयास सांगतात. एखाद्या वेळी काम भागतेही. परंतु मूल त्यातून धडा घेते तो हा की, धोक्याची सूचना ही ओलांडण्यासाठीच असते. उद्या तेच मूल वडिलांच्या फोनवर बँकेचे खोटे पान उघडेल, तेव्हाही ते सूचना न वाचताच पुढे जाईल. तेव्हा गेलेला पैसा फॉर्मच्या फीइतका थोडका असणार नाही.

जुनी यंत्रे ठेवावीतच कशाला, असा प्रश्न कोणी विचारील, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. विंडोज ७ ची निगा मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी थांबविली. क्रोमची त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती १०९ वी, ती २०२३ सालची. आणि १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चीही सर्वसाधारण निगा थांबली. अशा यंत्रावर पैशाचे व्यवहार करू नयेत, हे उघड आहे. परंतु टंकलेखन, गणित, चित्रकला व खुद्द यंत्रविद्या शिकण्यास ती पुष्कळ वर्षे पुरतील. लिनक्ससारखी हलकी व्यवस्था घातल्यास अधिकच. यंत्र निकालात काढावे की नाही हा निर्णय दोष शोधल्यानंतरचा आहे, त्यापूर्वीचा नव्हे, एवढेच आमचे म्हणणे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ साली बेळगावात सायकलींच्या एका लहान दुकानातून झाला, आणि १९१० साली आपल्याच परिसरात, ओसाड माळावर, किर्लोस्करवाडी उभी राहिली. यंत्र उघडून पाहण्याची व ते पुन्हा चालते करण्याची ज्यास गोडी लागली, तोच पुढे नवे यंत्र घडवू शकतो. ती गोडी लागण्यास शाळेतील एक अडलेला जुना संगणक पुरेसा आहे. मात्र त्यापुढे बसलेल्या मुलास प्रथम ‘तू काय केलेस?’ असे न विचारता, ‘तुला काय दिसते?’ असे विचारणारे कोणी तरी जवळ हवे.